शेड कार्डावरचा रंग आणि खोलीतला रंग

खोलीच्या रंगाचा निर्णय बहुतेक घरांत दुकानाच्या काउंटरवरच होतो. शेड कार्ड उलगडले जाते, दोन बोटे रुंदीच्या एका चौकोनावर बोट टेकते, दुकानदार कोड लिहून घेतो आणि संध्याकाळपर्यंत डबे घरी पोचतात. दुसरा हात मारून झाला की घरातले कुणीतरी म्हणते, "कार्डावर असा नव्हता." कोड तोच असतो आणि मशीनही सहसा चुकलेले नसते. पण कार्डावर पाहिलेला रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली, पांढऱ्या कागदाच्या चौकटीत पाहिलेला होता. भिंतीवरच्या रंगात त्या खोलीचा उजेड, फरशी, समोरची भिंत आणि गिलाव्याचा पोत असे सगळे मिसळलेले असते. म्हणून रंगकामाआधी घरी नमुना लावून पाहताना रंगापेक्षा खोलीची परीक्षा अधिक होते, आणि ती खोलीबाहेर घेता येत नाही.

जुन्या पद्धतीत ही परीक्षा आपोआप होत असे. चुन्याची सफेदी करताना रंगारी बादलीत नीळ थोडी थोडी घाली, आडबाजूच्या भिंतीवर एक हात मारी आणि तो वाळेपर्यंत थांबे. ओल्या चुन्याकडे पाहून काहीच ठरवता येत नाही. चुन्याच्या कणांचा अपवर्तनांक साधारण १.६ आणि पाण्याचा १.३३, दोन्हींत फरक थोडा असल्याने ओल्या थरातून प्रकाश बराचसा आरपार जातो आणि खालची भिंत दिसत राहते. पाणी उडून त्या जागी हवा आली, की प्रकाश विखुरतो आणि भिंत पांढरी होते. नीळ किती पडली, चुन्याचा पिवळेपणा गेला की भिंत निळसर झाली, हे तेव्हाच कळते. पुढे डिस्टेंपर आला तरी रंग बनत असे तो खोलीतच. रंगारी पांढऱ्यात स्टेनरच्या बाटलीतून थेंब टाकी, काडीने ढवळी, भिंतीवर बोटभर ओढून दाखवी आणि घरातली माणसे "अजून जरा फिका" म्हणत. १९९० च्या दशकापासून दुकानांत टिंटिंग मशीन रुळली. पांढऱ्या किंवा पारदर्शक बेसमध्ये रंगद्रव्य मोजून सोडले जाऊ लागले आणि निवडीसाठी हजारांवर शेड मिळू लागल्या. अचूकता वाढली, पण रंग ठरवण्याच्या व्यवहारातून खोली मात्र बाहेर पडली. नमुना लावून पाहणे म्हणजे तिला परत आत घेणे.

कार्ड फसवे का ठरते, याचे पहिले कारण आकारात आहे. मोठ्या पृष्ठावर तोच रंग लहान चौकोनापेक्षा बहुधा जास्त उजळ आणि जास्त ठसठशीत वाटतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे, पण त्याचा विचार क्वचित होतो: खोलीतल्या भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात. समजा, एका पिवळट रंगावर पडलेल्या लाल-पिवळ्या प्रकाशापैकी ८० टक्के परत येतो आणि निळ्या प्रकाशापैकी ५० टक्के. एकदा परतलेल्या प्रकाशात पिवळ्याचे निळ्याशी प्रमाण १.६ पट असते. हाच प्रकाश समोरच्या तशाच भिंतीवर जाऊन पुन्हा परतला, की ६४ आणि २५ टक्के उरतात, म्हणजे प्रमाण अडीच पटींच्या वर जाते. प्रत्यक्ष खोलीत डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश एकदा, दोनदा, तीनदा परतलेल्या किरणांचे मिश्रण असतो. त्यामुळे चारही भिंती एकाच रंगाच्या असतील तर पिवळा अधिक पिवळा होतो, पीच नारिंगीकडे झुकतो आणि पिस्ता रंग तर चेहऱ्यांवरही उतरतो. खोली लहान असेल तर हे आणखी जाणवते. एकाच भिंतीला गडद रंग देऊन बाकीच्या पांढऱ्या ठेवल्या तर हा परिणाम पुष्कळ कमी होतो. अनुभवी रंगारी पट्टीवरच्या आवडलेल्या रंगापेक्षा एक घर फिका रंग सुचवतात. त्यांनी हे गणित मांडलेले नसते, पण त्याचे उत्तर त्यांनी अनेक खोल्यांत पाहिलेले असते.

शेजारचा रंगही तितकाच ढवळाढवळ करतो. हे पहिल्यांदा पद्धतशीरपणे मांडले ते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल यांनी. पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकामशाळेत ते रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या धाग्याला पुरेसा काळेपणा नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर धाग्याच्या रंगात दोष निघाला नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे काळा मळकट दिसत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतात, हा नियम त्यांनी १८३९ च्या ग्रंथात विस्ताराने मांडला. घरातल्या नमुन्यांना तो जसाच्या तसा लागू पडतो. जुन्या हिरव्या भिंतीच्या मधोमध ऑफ व्हाइटचा ठिपका लावला तर तो गुलाबीसर दिसतो, आणि जुनी भिंत गुलाबी असेल तर तोच ठिपका हिरवट वाटतो. पाच रंगांचे ठिपके ओळीने लावले तर कुणाचाच खरा चेहरा दिसत नाही, उरते ती त्यांची आपसातली तुलना. तेवढ्यावर निवड केली तर बहुधा सगळ्यांत भडक ठिपका बाजी मारतो, आणि वर्षभर भिंतीवर सोसायला तोच सगळ्यांत कठीण असतो.

उजेडाचा विषय मोठा आहे, आणि त्याबद्दलचे बरेच सल्ले थंड देशांतून आलेले आहेत. उत्तरेच्या खोलीत निळसर, थंड उजेड असतो, म्हणून तिथे उबदार रंग द्यावा, हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. लंडनमध्ये दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, त्यामुळे तिथे तो बऱ्यापैकी खरा आहे. महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो. मुंबईत तो मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस असतो. या दोहोंच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतूनही आत येते. उलट दक्षिणेची खोली मे-जूनमध्ये थेट उन्हाविना असते. डिसेंबरमध्ये मात्र दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर उतरतो आणि ऊन फरशीवर लांबवर पसरते. म्हणजे इथल्या खोलीचा स्वभाव दिशेइतकाच महिन्यावरही अवलंबून असतो. पावसाळा सरल्यावर दिवाळीआधी रंगकाम काढण्याची जी प्रथा आहे, तिच्यात नमुना पाहिला जातो तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उजेडात. खोली वर्षभर वापरायची असल्याने बाकीच्या महिन्यांचा निदान अंदाज बांधून ठेवावा लागतो.

शहरातल्या घरात तर खिडकीतून येणारा उजेड आकाशाचा कमी आणि शेजाऱ्यांचा जास्त असतो. समोरची इमारत विटकरी असेल तर दुपारनंतर तिचा तांबूसपणा आत येतो. खिडकीशी आंबा किंवा बदामाचे झाड असेल तर पांढरी भिंतही हिरवट होते. गळक्या गच्चीवर आणि पत्र्याच्या शेडवर जूनमध्ये निळी ताडपत्री चढते तेव्हा लगतच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या चार महिने निळसर राहतात. फरशीचेही तसेच आहे. काळपट शहाबादी फरशी खालून फारसा प्रकाश परत देत नाही. हस्तिदंती रंगाच्या चकचकीत टाइल्स मात्र भिंतीच्या खालच्या भागावर आणि छतावर उबदार प्रकाश फेकतात. जुनी फरशी काढून टाइल्स बसवणार असाल, तर रंगाचा नमुना टाइल्स बसल्यानंतर पाहावा.

संध्याकाळनंतर खोलीचा ताबा दिव्यांकडे जातो. कूल डेलाइट म्हणून विकला जाणारा दिवा साधारण ६५०० केल्विनचा असतो, तर वॉर्म व्हाइट २७०० ते ३००० चा. पहिल्याखाली राखाडी रंग निळा दिसतो आणि दुसऱ्याखाली मातकट. शिवाय दोन दिवे दिसायला सारखेच पांढरे असले तरी त्यांच्यातली रंगांची जुळणी वेगळी असू शकते. त्यामुळे एका दिव्याखाली हुबेहूब जुळणारा पडदा आणि भिंत दुसऱ्याखाली फटकून वागतात. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, हे खोक्यावर कलर रेंडरिंग इंडेक्स या नावाने छापलेले असते. जुना पिवळा बल्ब १०० च्या जवळ असे, तर आजचे सर्वसाधारण एलईडी ८० च्या आसपास असतात आणि त्यांच्यात गडद लाल बहुधा कमी पडतो. तांबूस, विटकरी, गुलाबी या रंगांची निवड म्हणूनच नेमके कोणते दिवे लावायचे ते ठरल्यावर करावी. बल्ब बदलणे भिंत बदलण्यापेक्षा खूप स्वस्त आहे, आणि कधी कधी तेवढ्यानेच भागते.

यानंतर पृष्ठभागाचा विचार. लांबी भरून, घासून, प्राइमर लावलेल्या भिंतीवर रंग जसा दिसतो तसा जुन्या रंगावर दिसत नाही. फिक्या रंगाचा एकच हात दिला तर खालचा रंग त्यातून डोकावतो. म्हणून नमुन्यालाही प्राइमर आणि दोन हात द्यावेत, आणि ज्या प्रकारचा रंग भिंतीला द्यायचा तोच नमुन्याला वापरावा. मॅट आणि चकाकीचा रंग एकाच कोडचे असले तरी एकसारखे दिसत नाहीत. मॅट पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यामुळे रंगात थोडा पांढुरकेपणा मिसळल्यासारखा होतो. चकाकीच्या पृष्ठभागावर तिरपी झळक सोडली तर रंग खोल आणि गडद दिसतो, आणि गिलाव्यातली प्रत्येक लहर उघडी पडते. इमल्शनचा ओला हात चुन्याच्या अगदी उलट वागतो. त्यातला बांधणारा घटक पाण्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपात असतो आणि दुधाळ दिसतो. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि रंग गडद होतो. ओल्या इमल्शनकडे पाहून "फारच फिका झाला" म्हणून दुकानात परत गेलेले डबे बहुधा निष्पाप असतात. तासाभरात रंग हाताला लागेनासा होतो, पण निर्णय दुसऱ्या दिवशी घ्यावा, आणि दमट हवेत तर त्याहून उशिरा.

नमुना थेट भिंतीवर लावावा की फळीवर, यावर दोन मते आहेत. भिंतीवर खरा पोत मिळतो. पण आजूबाजूचा जुना रंग शेव्हरलचा नियम लागू करतो, ठिपक्याची जाड कड नंतरच्या हातांखालून उठून दिसते, आणि तो एका जागी खिळलेला राहतो. त्यामुळे फळी अधिक सोयीची ठरते. हार्डबोर्ड किंवा जाड सनबोर्डचा दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा, त्यावर प्राइमर आणि रोलरने कडेपर्यंत दोन हात, एवढे पुरते. कडेला पांढरी पट्टी सोडू नये, नाहीतर कार्डाचीच चूक मोठ्या आकारात होते.  रंग पक्का झाल्यावर शेवटची खात्री म्हणून खऱ्या भिंतीवर एक मोठा पॅच मारायला हरकत नाही. त्याच्या कडा मात्र ओल्या असतानाच पसरवाव्यात आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून सपाट कराव्यात. जुना ऑइल पेंट कोरडा खरवडू किंवा घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारे-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांना अपायकारक असते. पाणी लावून घासावे आणि फडक्याने पुसून घ्यावे.

भिंतींच्या आपसातल्या परावर्तनाची परीक्षा सपाट फळीने होत नाही. त्यासाठी दोन फळ्या काटकोनात उभ्या करून आतल्या कोपऱ्यात पाहावे. तिथला रंग फळीच्या मोकळ्या भागापेक्षा गडद आणि दाट दिसतो. पूर्ण रंगवलेल्या खोलीचा अंदाज त्यावरून येतो. याहून चांगला उपाय म्हणजे एखादे मोठे पुठ्ठ्याचे खोके आतून रंगवणे, एका बाजूला खिडकीएवढे भोक पाडणे आणि ते खोलीच्या खिडकीकडे तोंड करून ठेवणे. समोरच्या बाजूला डोळ्यापुरती फट ठेवून आत पाहिले, की चारही भिंती एकाच रंगाच्या असल्यावर काय होईल ते बरेचसे कळते. खटाटोप अर्ध्या तासाचा आहे, आणि गडद रंगाचा विचार असेल तर तो करावाच.

फळी कुठे धरायची यातही चुका होतात. खिडकीसमोरच्या भिंतीवर रंग सर्वांत उजळ दिसतो आणि माणसे तिथेच पाहून खूश होतात. खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत मात्र उजेडाकडे पाठ करून असते, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खिडकीचा झगझगाट असतो, त्यामुळे तोच रंग तिथे कळकट वाटतो. फळी दोन्हीकडे उभी धरून पाहावी. टेबलावर आडवी ठेवली तर छताचा उजेड तिच्यावर पडतो आणि ती भिंतीपेक्षा उजळ दिसते. वेळा मात्र खोलीच्या वापरावरून ठरवाव्यात. झोपण्याची खोली दुपारी दोन वाजता कशी दिसते याला फारसे महत्त्व नाही. रात्रीच्या दिव्यात आणि पहाटेच्या मंद उजेडात तिचा रंग बघावा. मंद उजेडात लाल रंग काळवंडतो आणि निळा-हिरवा तुलनेने उजळतो; १८२५ मध्ये चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी नोंदवलेला हा परिणाम दिवे लावण्याआधीच्या संध्याकाळी घराघरात दिसतो. बाहेरच्या उन्हातून आत आल्याबरोबर मत देऊ नये. डोळ्यांना खोलीच्या उजेडाची सवय व्हायला काही मिनिटे लागतात. घरातल्या वयस्कांचे मतही वेगळे विचारावे, कारण वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते आणि फिका निळा-जांभळा त्यांना राखाडी वाटू शकतो.

मोबाइलवरचा फोटो हा नमुन्याला पर्याय नाही. कॅमेरा उजेडाचा रंग आपल्या हिशेबाने दुरुस्त करून घेतो, त्यामुळे एकाच भिंतीचे पाठोपाठचे दोन फोटोही वेगळे येतात. कंपन्यांच्या ॲपमध्ये खोलीचा फोटो रंगवून पाहता येतो. निळ्या कुटुंबातला हवा की पिवळ्या, इतके ठरवायला ते ठीक, त्यापुढे नाही.

सर्वांत कठीण परीक्षा असते ती पांढऱ्याची. ऑफ व्हाइटच्या दहा-बारा शेड कार्डावर जवळपास सारख्या दिसतात आणि भिंतीवर एक पिवळी, एक गुलाबी, एक सरळ राखाडी निघते. ही आतली झाक ओळखायला कोऱ्या झेरॉक्स कागदाशी तुलना करण्याची सवय आहे, पण त्या कागदात चमक आणणारी रसायने असतात आणि दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांमुळे तो निळसर पांढरा झळकतो. त्याच्याशेजारी प्रत्येक ऑफ व्हाइट मळका वाटतो. त्यापेक्षा छताला जो पांढरा द्यायचा त्याच्याच फळीशी तुलना करावी, कारण पुढे वर्षानुवर्षे शेजारी राहणार तो तोच.

इमारतीच्या बाहेरच्या रंगालाही हीच तत्त्वे लागू आहेत, फक्त तिथे अंतर आणि आकाश जास्त. मोकळ्या उजेडात रंग कार्डापेक्षा फिका आणि तरीही अधिक रंगीत दिसतो. गृहनिर्माण सोसायट्या मागच्या भिंतीवर तीन पट्टे मारून सभासदांना बघायला सांगतात, हे चांगलेच आहे. पण पट्टे हातभर रुंदीचे असतात, सावलीत मारलेले असतात आणि मतदान मीटिंग हॉलमध्ये कार्डावरून होते. एक-दोन मजले उंच पॅच उन्हाच्या बाजूला मारून तो रस्त्यापलीकडून पाहिला तर नंतरचे वाद कमी होतील, पूर्ण मिटणार नाहीत.

रंग ठरला की नमुन्याचा डबा आणि कामाचा डबा यांतला फरक लक्षात घ्यावा. टिंटिंग मशीन रंगद्रव्य ठरावीक किमान मात्रेत सोडते. लहान डब्यात ती मात्रा थोडी इकडेतिकडे झाली तरी रंगावर दिसते. वीस लिटरच्या बादलीत तोच फरक बुडून जातो. शक्य तर नमुना लिटरभराच्या डब्यातूनच काढावा. उरलेला रंग पुढे कामी येतोच. एका खोलीचे सगळे डबे एकाच वेळी, एकाच बॅचच्या बेसमधून घ्यावेत आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळूनच पहिला हात सुरू करावा.

नमुन्याची फळी फेकून देऊ नये. तिच्या मागे कंपनीचे नाव, रंगाचा प्रकार, चकाकी, कोड, बेस, बॅच आणि तारीख लिहून ती माळ्यावर ठेवावी, आणि थोडा रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून ठेवावा. दोन-तीन वर्षांनी भिंतीवर खिळ्याचे भोक बुजवायचे झाले तर हाच रंग आधी सोफ्यामागे लावून, वाळवून पाहावा. तोपर्यंत भिंत उन्हाने थोडी उडालेली आणि धुळीने थोडी काळवंडलेली असते, त्यामुळे हुबेहूब त्याच कोडचे टचिंगही ठिगळासारखे दिसते. जुळत नसेल तर तेवढाच भाग रंगवण्याच्या नादी न लागता ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवावी. कोपऱ्यात दोन भिंतींवरचा उजेड तसाही वेगळा पडतो, आणि तिथला फरक कुणाच्या लक्षात येत नाही.